जळत्या घरात माणूस शोधतात कसा? (बंबवाले आत रांगतात का, त्याचं उत्तर)

शिट्टी_५५

राम राम मंडळी. मागच्या आठवड्यात आमच्या मागच्या गल्लीत एका घराला आग लागली. खाली दुकान वर घर, जुनी पेठ म्हटल्यावर तसंच असतं. बंब आला, दोन पोरं पाठीवर सिलेंडर लावून जिन्याने वर गेली आणि दारातच गुडघ्यावर बसून रांगायला लागली. खाली दीडशे माणूस उभं. त्यातला एक जण ओरडला, "अरे रांगता काय तान्ह्या पोरासारखे, पळा ना आत!" दुसऱ्याने त्याचा व्हिडिओ काढला आणि आता तो गावभर फिरून राहिला, खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. बरं, आत कोणीच नव्हतं. एक आजी होत्या त्या शेजारच्या गच्चीवर आधीच पोचल्या होत्या, पण हे त्या दीडशे जणांतल्या एकानेही त्या पोरांना सांगितलं नाही, त्यांनी सगळं घर चाचपून झाल्यावर त्यांना कळलं.

मी नगरपालिकेच्या अग्निशमनमधे एकतीस वर्षं काढली, रिटायर होऊन पाच वर्षं झाली. व्हिडिओ बघून झोप येईना म्हणून टायपायला बसलो. मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

पिक्चरमधे आग लागली तरी सगळं लख्ख दिसतं, हिरो पंचवीस फुटांवरून हिरॉइनला ओळखतो. खऱ्या घरात बॅटरी हातात असून आपलाच हात दिसत नाही. धूर काळा, जाड आणि तापलेला असतो, तो छताला जाऊन साचतो आणि तिथून खाली खाली भरत येतो. छताजवळ पाच-सहाशे डिग्री झालेलं असतं तेव्हाही फरशीजवळ माणूस टिकेल एवढं तापमान असू शकतं. म्हणून रांगायचं. उभा राहिला तो भाजला, हेल्मेटची काच मऊ पडलेली मी पाहिली आहे. आणि रांगण्याचा अजून एक फायदा असा की कधी कधी फरशीलगत वीतभर पट्टा स्वच्छ असतो. गाल फरशीला टेकवून बॅटरी आडवी मारली की पलंगाचे पाय दिसतात, चपला दिसतात, गॅसची नळी दिसते, आणि नशीब असेल तर एखादा हात दिसतो.

मग भिंत. आत शिरतानाच ठरवायचं, उजवा हात की डावा. उजवा ठरला तर उजवा हात भिंतीला, मग कपाट येऊ दे, कोपरा येऊ दे, दुसऱ्या खोलीचं दार येऊ दे, उजवा तो उजवा. असं फिरत गेलं की माणूस फिरून त्याच दारात येतो ज्यातून शिरला. मधेच परतायचं असेल तर जागेवर वळायचं आणि तीच भिंत डाव्या हाताला घेऊन निघायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो ना? पण आत कान फुटतील एवढा आवाज असतो, मास्कमधे स्वतःच्या श्वासाचा खर्र खर्र वेगळा, घाम डोळ्यात, आणि डोकं सारखं सांगत असतं की दार तिकडे आहे. डोकं खोटं बोलतं. भिंत खोटं बोलत नाही.

ट्रेनिंगला आमच्या मास्कच्या काचेवर काळा कागद चिकटवायचे आणि एका जुन्या गोडाऊनमधे सोडायचे. आत बाकडी, टायर, मधे एक पोतं लपवलेलं, ते म्हणजे "माणूस". मी उजवा हात धरून निघालो, मधे एक बाकडं आडवं आलं, ते ओलांडताना हात सुटला दोन सेकंद. परत भिंत सापडली म्हणून खूष झालो. चाललो, कोपरा आला, वळलो, परत कोपरा, परत वळलो, परत कोपरा. मनात म्हटलं ही खोली भलतीच लहान आहे. चौथ्या फेरीला उस्ताद चहा पीत पीत बोलले, "खांबाला किती प्रदक्षिणा घालतो रे, नवस केला का?"

वांग्याचं_भरीत

खांबाला प्रदक्षिणा 😂 हसून मेलो काका. पण शंका आहे. हात भिंतीला असेल तर खोलीच्या मधे पडलेल्या माणसाचं काय? तो तर राहूनच जाईल ना?

तापीकाठ

वाचतोय. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

शिट्टी_५५

भरीत भाऊ, चांगला प्रश्न. म्हणूनच एकटा कोणी जात नाही, कमीत कमी दोघं. एक जण भिंतीला, दुसरा त्याच्या पट्ट्याला किंवा बुटाला धरून खोलीच्या मधल्या बाजूला. तो पाय लांब करून फरशी झाडत जातो, हातात लोखंडी बार असेल तर तो पलंगाखालून फिरवतो, टोकाने भोसकायचं नाही, आडवा फिरवायचा, तिथे लेकरू असू शकतं. आपली बेडरूम दहा बाय बाराची, दोघांचे हातपाय ताणले की मधे फार उरत नाही. मोठा हॉल असेल तर भिंतीवाला जागेवर थांबून खुंटा होतो आणि दुसरा त्याच्यापासून दोरीने किंवा आवाजाने बांधलेला आत जाऊन येतो.

अंधारात पुढे जाताना पायाचंही एक तंत्र आहे. सगळं वजन मागच्या पायावर, पुढचा पाय नुसता सरकवून चाचपायचा, फरशी आहे का, पायरी आहे का, खड्डा आहे का, मगच वजन टाकायचं. रिकामा हात तोंडासमोर वरखाली करत राहायचा आणि पंजाची मागची बाजू पुढे. का? लटकलेल्या वायरला तळवा लागला आणि करंट असला तर मूठ आवळून वायर पकडली जाते. मागची बाजू लागली तर हात झटक्याने आपल्याकडेच येतो.

माणूस कुठे सापडतो ते पण सांगतो. दाराच्या मागे, सगळ्यात जास्त. दार अर्धं उघडून अडलं तर जोर लावायचा नाही, आधी फटीतून हात घालून बघायचं, बहुतेक कोणीतरी बाहेर पडता पडता तिथेच कोसळलेलं असतं. मग खिडकीच्या खाली. मग बाथरूम, कारण लोकांना वाटतं पाणी आहे तिथे आग येणार नाही. आग येत नसेल, पण धूर येतोच. मुंबईला २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलच्या आगीत १४ जण गेले, त्यातले कितीतरी टॉयलेटमधे सापडले.

आणि लहान पोरं लपतात. पलंगाखाली, कपाटात, आपल्याकडे धान्याच्या कोठीमागे. आम्हाला बघून तर जास्तच लपतात, मास्क लावलेला काळा माणूस, खर्र खर्र श्वास, त्यांना वाटतं भूत आलं. म्हणून मी आत गेलो की मधे मधे थांबून दोघांनीही श्वास रोखायचा आणि ऐकायचं. खोकला, कण्हणं, हुंदका. दहा सेकंद. तेवढ्यात पोर सापडतं कधी कधी.

उडाणटप्पू

काका मान्य, पण हे सगळं जुन्या जमान्यातलं नाही का वाटत? आता थर्मल कॅमेरा असतो, धुरातून माणूस चकाचक दिसतो. भिंतीला हात लावत बसायचं २०व्या शतकातलं काम. ड्रोन पाठवा.

शिट्टी_५५

उडाणटप्पू भाऊ, कॅमेरा उत्तम वस्तू आहे, असेल तर पहिला तोच घ्यावा. पण तो उष्णता बघतो, वस्तू बघत नाही. काचेतून त्याला पलीकडचं दिसत नाही. चकचकीत टाइल किंवा स्टीलचं कपाट समोर आलं तर त्यात फायरमनचीच आकृती परत दिसते आणि माणूस स्वतःच्याच सावलीला धरायला जातो. जाड गोधडीखाली कोणी असेल तर कॅमेऱ्याला नुसती गोधडी. आणि बॅटरी संपली की? कॅमेरा बघत बघत सरळ मधून चालत गेलेला माणूस, त्याला बाहेरचा रस्ता कोण दाखवणार? म्हणून कॅमेरावालासुद्धा भिंत सोडत नाही. लहान गावांच्या बंबावर कॅमेरा सोडा, चालू बीए सेट (पाठीवरचा हवेचा सिलेंडर आणि मास्क) किती असतात ते एकदा जाऊन मोजा. आमच्याकडे एक काळ असा होता की चार सेट कागदावर आणि हवा भरलेले दोन.

गोधडी

"गोधडी" माझा आयडी आहे म्हणून दचकले 😄 पण काका, हातमोजा घातल्यावर गोधडी कुठली आणि माणूस कुठला हे कळतं का हो?

शिट्टी_५५

नाही कळत ताई. आयुष्यात एकदा मी जीव खाऊन एक पोर ओढत बाहेर आणलं, गच्चीवर उजेडात बघितलं तर कापसाच्या उशांचं बोचकं, दोरीने बांधलेलं. लोक हसले. मी हसलो नाही, कारण त्यात आमची हवा गेली होती.

उडाणटप्पू

हवा किती असते एका सिलेंडरमधे? आणि तुमच्या आयडीतलं ५५ काय आहे, जन्मसाल?

शिट्टी_५५

हा हा, जन्मसाल नाही. बीए सेटचा नेहमीचा सिलेंडर ६.८ लिटरचा, ३०० बार दाबाला भरलेला, म्हणजे साधारण दोन हजार लिटर हवा. कागदावर पाऊण तास. पण कागदावरचा माणूस शांत चालत असतो. रांगणारा, घाबरलेला, ऐंशी किलोचा गडी ओढणारा फायरमन तीच हवा निम्म्या वेळात संपवतो. ५०-५५ बारला आलं की सेटची शिट्टी आपोआप वाजायला लागते, म्हणजे आता निघा. पण शिट्टी वाजल्यावर निघणारा उशिरा निघालेला असतो. जेवढी हवा आत जायला लागली तेवढी यायला लागणार, वर थोडी हातची. म्हणून बाहेर एक जण फळा घेऊन बसतो, कोण किती वाजता किती बारवर आत गेला ते लिहितो. आत जाताना आमच्या नावाचा टॅग त्याच्याकडे द्यायचा. फळ्यावर टॅग लटकलेला दिसतोय तोवर माणूस आत. ती शिट्टी मी आतमधे तीनदा ऐकली आहे, तिचाच आयडी घेतला.

बोरीचा_पाहुणा

भाऊ भलतं भारी लिखं शे! आमना गावले धाबाना घरं शेत, तठे कसं करतस?

शिट्टी_५५

बोरीचे पाहुणे, राम राम. धाब्याच्या घराला मी काँक्रीटपेक्षा जास्त भितो. खाली लाकडी तुळया आणि वर फूट फूट माती, दर पावसाळ्याआधी वरून अजून थर देतात. लाकूड आतून जळत राहतं, वरून काही कळत नाही, आणि मग पूर्ण खण एकदम बसतो. आत जायच्या आधी दारात बसून वर बॅटरी मारायची. माती भुरभुर पडते आहे का, तुळई मधून झुकली का, भिंतीपासून सुटली का. माती भुरभुरत असेल तर आत शोधायला मधून जायचं नाही, फक्त भिंतीच्या कडेकडेने, आणि बाहेरून एकाने सतत धाब्यावर नजर ठेवायची. वरून पाण्याचा मारा तर अजिबात नाही, माती पाणी पिऊन जड होते.

आणि धाबं म्हटलं की उन्हाळा आठवला. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीला कोण घरात झोपतं? रात्रीची आग असेल आणि उन्हाळा असेल तर माणसं गच्चीवर असणार हे धरूनच चालायचं. घरात शोधायला एक जोडी, गच्चीला शिडी लावायला दुसरी. थंडीत उलटं, सगळे आत, दारं खिडक्या लावून. हे पुस्तकात नसतं, खान्देशातल्या फायरमनला माहीत असतं.

सेक्रेटरी_काका

आमच्या अपार्टमेंटचा मी आठ वर्षं सेक्रेटरी आहे. दर जानेवारी-जुलैला २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) भरतो, आग विझवायचे सिलेंडर रिफिल, सगळं व्यवस्थित. पण गच्चीला कुलूप आहे. पोरं वर बसून पितात म्हणून मीटिंगमधे ठरावच केला होता. आता हे वाचून बेचैन झालो.

तापीकाठ

ठराव बदला काका. पिणारी पोरं तशीही खाली पार्किंगमधे पितात.

कपाशी_ते_गठाण

माझं जिनिंग (कपाशीतून सरकी काढायचा कारखाना) आहे, गावाचं नाव सांगत नाही. आमच्याकडे आग म्हणजे सीझनला ठरलेली गोष्ट, कपाशीत एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला, मशीनमधे ठिणगी उडाली, झालं. पण शिट्टी काका, तुमचा भिंतीचा नियम आमच्या शेडमधे कसा चालणार? शंभर फूट लांब शेड, मधे कपाशीचे डोंगर, मजुरांची पोरं थंडीत त्या ढिगावरच ऊब म्हणून झोपतात, कितीही सांगा. भिंतीला हात लावून गेलो तर मधलं सगळं राहिलं.

शिट्टी_५५

शेठ, तुमचं बरोबर आहे, मोठ्या जागेत नुसती भिंत पुरत नाही. तिथे दोर. दाराबाहेर खांबाला दोराचं एक टोक पक्कं बांधायचं, दोरावर ठराविक अंतराने गाठी, पहिला माणूस दोर सोडत आत जातो, मागचे त्या मुख्य दोराला आपापली छोटी दोरी अडकवून बाजूला पंख्यासारखे फिरतात आणि परत दोरावर येतात. गाठी मोजत गेलं की आपण किती आत आहोत ते कळतं. दोर सोडून कोणी जायचं नाही, पोराच्या रडण्याचा आवाज आला तरी नाही. हा नियम पाळताना छाती फाटते, पण तो नियम आहे.

आणि कापूस फसवतो. वरून विझला वाटतो, गठाणीच्या (दाबून बांधलेल्या गठ्ठ्याच्या) पोटात धुमसत राहतो. पाणी पिऊन गठाण फुगते, जड होते, थप्पी कलंडते, भिंतसुद्धा बाहेर ढकलते. थप्प्यांच्या मधल्या गल्लीत शिरून शोधणं म्हणजे उंदराच्या पिंजऱ्यात शिरणं. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमधे जे जहाज फुटलं त्यातही कापसाच्या गठाणी होत्या, सोबत दारूगोळा. ६६ फायरमन गेले त्या दिवशी. १४ एप्रिलला आपल्याकडे अग्निशमन दिन असतो तो त्यामुळेच.

तुम्हाला एक विनंती. मजुरांच्या पोरांना झोपायला एक खोली द्या शेडपासून लांब, एक कुलर, एक शेगडी, विषय संपला.

कपाशी_ते_गठाण

कुलर थंडीत? 😀 पण खोलीचं लक्षात घेतलं. खरंच.

केळी_बाग_रावेर

आमच्या भागात केळीचे रायपनिंग चेंबर (केळी पिकवायच्या बंद खोल्या) आणि कोल्ड स्टोरेज गल्लोगल्ली झालेत. खिडकी एक नाही, चारी बाजूंनी पफ पॅनल (आत फोम भरलेले पत्रे). तिथे आग लागली तर?

शिट्टी_५५

तिथे मी माझ्या पोरांना पाठवताना दहा वेळा विचार केला असता. पॅनलच्या आतला फोम जळाला की धूर नुसता काळा नसतो, त्यात सायनाइडचा वायू असतो. खिडकी नाही म्हणजे धूर बाहेर जात नाही, उजेड आत येत नाही, आणि भिंत चाचपडत कितीही फिरलात तरी बाहेर जायला दार तेच एक.

अमेरिकेत वूस्टर म्हणून गाव आहे, तिथे ३ डिसेंबर १९९९ ला एका बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजला आग लागली. कोणीतरी सांगितलं आत बेघर लोक राहतात. दोन फायरमन शोधायला गेले आणि आत हरवले. त्यांना शोधायला चौघे गेले, ते पण हरवले. सहाच्या सहा गेले. आणि ज्यांना शोधायचं होतं ते बेघर आधीच बाहेर पडले होते. दोर, हवा आणि मोठ्या जागेतला शोध याबद्दल जगभर जे शिकवतात त्यात ही आग हमखास येते.

तुमच्या चेंबरच्या दाराशी एक रजिस्टर ठेवा. आत गेला की सही, बाहेर आला की सही. आग लागल्यावर ते रजिस्टर बंबवाल्याच्या हातात दिलंत तर त्याच्यासाठी ते अख्ख्या टँकरपेक्षा मोलाचं आहे.

उधना_एक्सप्रेस

मी मूळचा अमळनेर साइडचा, पंचवीस वर्षं सुरतला. २४ मे २०१९ ला तक्षशिला इमारतीच्या आगीत क्लासमधली पोरं गेली, २२ जीव. वरून उड्या मारणारी पोरं सगळ्या देशाने टीव्हीवर बघितली. त्यानंतर महिनाभर आमच्या घरात कोणी क्लासचं नाव काढलं नाही. बाहेरून शिडी लावून खिडकीतून पण जाता येतं ना, मग तसं का नाही करत आधीच?

शिट्टी_५५

दादा, त्या आगीबद्दल मी काय बोलणार. शिडी आणि जिना, दोन्ही नसले की शोधायची वेळच येत नाही.

खिडकीचं सांगतो. शिडी लावून खिडकीतून थेट बेडरूममधे शिरायची पद्धत आहे, जेव्हा पक्कं माहीत असतं की माणूस याच खोलीत आहे. पण काच फोडली की आगीला हवा मिळते आणि ती दारातून त्या खिडकीकडेच धावते. म्हणून आत उडी मारल्यावर माणूस शोधायच्या आधी फरशीवरून सरळ दाराकडे जायचं, दाराच्या बाहेर एक हात फिरवून बघायचं कोणी पडलंय का, आणि दार लावून टाकायचं. दार लागलं की त्या खोलीपुरतं काही मिनिटांचं राज्य आपलं. साधं लाकडी दारसुद्धा चालतं. मग निवांत शोधा, म्हणजे आमच्या भाषेतलं निवांत. आताच्या फोमच्या सोफ्यावाल्या हॉलला पेटल्यापासून चार-पाच मिनिटांत सगळी खोली एकदम भडकायची स्थिती येते, आमच्या लहानपणी बाज, सतरंजी आणि लाकडी खुर्ची असायची, इतका घाईचा कारभार नव्हता.

आता आपल्याकडची अडचण. खिडकी आहे कुठे? लोखंडी ग्रिल, त्यात कुलर बसवलेला, उरलेल्या जागेत पत्रा ठोकलेला. मी शिडीवर उभा राहून ग्रिल कापली आहे, आतून एक बाई ग्रिलला धरून माझ्या हाताला हात लावत होती, बोटं बाहेर येत होती आणि माणूस येत नव्हता. वाचल्या त्या. पण ते मिनिट मला अजून मोजून सांगता येईल.

निशा_सिस्टर

नर्स आहे, अशा केस आल्या की कॅज्युअल्टीत मीच असते. एक सांगायचंच आहे. बाहेर काढलेला माणूस भाजलेला नाही, बोलतोय, म्हणजे ठीक आहे असं समजून घरी नेऊ नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. आणि करोनापासून सगळ्यांकडे ते बोटाला लावायचं मशीन आलंय ना, ते अशा पेशंटला ९८ दाखवतं! त्याला फरकच कळत नाही. डोकं दुखतंय, उलटी होतेय, बडबडतोय, तर सरळ १०८ ला फोन आणि ऑक्सिजन. पाणी पाजायची घाई करू नका, बेशुद्धाला तर मुळीच नाही.

शिट्टी_५५

सिस्टर, धन्यवाद, हे माझ्याकडून राहिलंच असतं. आणि म्हणूनच आम्ही माणसाला खांद्यावर घेऊन हिरोसारखे येत नाही. खांद्यावर घेतला की त्याचं तोंड जाड धुरात आणि गरम हवेत जातं. चादरीवर घ्यायचा किंवा काखेतून पट्टा घालायचा आणि फरशीवरून ओढत आणायचा. पाठ खरचटते, खरचटू दे.

वांग्याचं_भरीत

आणि काका, भिंत सुटलीच आणि दोर पण नसेल तर? खांबाला प्रदक्षिणा घालत बसायचं?

शिट्टी_५५

भाऊ, घाबरायचं नाही हे म्हणणं सोपं. पहिलं थांबायचं. फरशीवर आडवं व्हायचं, श्वास हळू करायचा. मग पाण्याचा होज (बंबाचा पाइप) शोधायचा. होज सापडला की तो बाहेर जातोच, प्रश्न एवढाच की कोणत्या दिशेला बाहेर आणि कोणत्या दिशेला आगीकडे. चाचपत जोडापर्यंत जायचं. आपल्याकडच्या कपलिंगला एका बाजूला दोन कान असतात, ते ओढून सोडवायचे. कानवाली बाजू पंपाकडची. कानांच्या दिशेने गेलात तर रस्त्यावर येता, उलट गेलात तर आगीच्या तोंडात. हे आम्ही पोरांना डोळे बांधून रोज करायला लावायचो, जेवायच्या आधी, उपाशी पोटी पटकन येतं. अंगावर एक छोटं यंत्र पण असतं, माणूस अर्धा मिनिट हलला नाही की ते किंचाळायला लागतं, त्या आवाजावर बाकीचे येतात.

गोधडी

काका एक विचारू का, रागावू नका. कधी कोणी राहून गेलंय का शोधताना? तुमच्याकडून?

शिट्टी_५५

रागावत नाही ताई. दोन दिवस उत्तर दिलं नाही ते रागाने नाही.

शोध दोनदा होतो. पहिला पटपट, आग चालू असताना, आगीच्या सगळ्यात जवळच्या खोलीपासून सुरू करून मग वरचा मजला, कारण तिथल्यांना वेळ सगळ्यात कमी. दुसरा आग विझल्यावर, हळू, इंच इंच, आणि तो दुसऱ्या टीमने करायचा असतो. कारण पहिल्या टीमचं डोकं म्हणतं, ते मी बघितलंय.

एक घर होतं, लग्नाचं. घरमालक बाहेर उभे, मोजून सांगत होते, आम्ही अकरा, अकराही बाहेर. तरी मी आणि जोडीदार आत जाऊन आलो. मी स्वतः मागच्या खोलीत गेलो, पलंगाखाली, दारामागे, मोरीत. बाहेर येऊन सांगितलं, क्लिअर. दुसऱ्या टीमला कपाट आणि भिंतीच्या मधल्या हातभर जागेत एक माणूस सापडला. आदल्या रात्री उशिरा आलेला पाहुणा. अकरात तो नव्हता, कारण घरच्यांच्या मोजणीत घरचेच होते. डॉक्टर म्हणाले आम्ही पोचायच्या आधीच संपला होता. मला ते पटलंय का, ते विचारू नका.

त्यानंतर मी बाहेरच्या माणसाला "किती जण आत?" असं कधी विचारलं नाही. विचारायचो, काल रात्री या घरात कोण कोण जेवलं? मग बरोबर आकडा निघतो. मोलकरीण, पाहुणा, अभ्यासाला आलेला मित्र, सगळे निघतात. आणि कोण कुठे झोपतं, शेवटचं कुठे दिसलं. तुम्ही गर्दीत असाल तर एवढंच करा, एका शहाण्या माणसाने पुढे येऊन बंबवाल्याला हे सांगा आणि बाकीच्यांनी रस्ता मोकळा करा. १०१ ला फोन लावताना पण हेच सांगा, नाहीतर ११२.

तापीकाठ

🙏

उडाणटप्पू

काका, कॅमेऱ्याचं आधी जरा आगाऊपणे बोललो. सॉरी.

अवांतर: आपल्याच जळगाव जिल्ह्यात परधाड्याला जानेवारी २०२५ मधे आग नसतानाच नुसत्या अफवेने लोक रेल्वेगाडीतून रुळावर उतरले आणि समोरून दुसरी गाडी आली. आठवलं एकदम.

वांग्याचं_भरीत

मंडळी, मी काल रात्री प्रयोग केला. बायकोला सांगितलं लाइट बंद कर, डोळ्यावर गमछा बांधला, बेडरूमपासून बाहेरच्या दारापर्यंत उजवा हात भिंतीला धरून रांगत गेलो. माझंच घर, चौदा वर्षं राहतोय. टीपॉय नडगीला, कोठीला डोकं, चपलांच्या स्टँडमधे हात. पोरगी मोबाइलवर वेळ लावून बसली होती, बाहेरच्या ग्रिलपर्यंत पोचायला चार मिनिटं दहा सेकंद. आणि ग्रिलला कुलूप.

शिट्टी_५५

शाबास! आणि चावी?

वांग्याचं_भरीत

फ्रिजवर. डब्यात. डब्यात अजून सतरा चाव्या.

शिट्टी_५५

ग्रिलच्या शेजारी, रांगताना हात पोचेल एवढ्या उंचीवर, एक खिळा ठोका. त्यावर ती एकच चावी.

वांग्याचं_भरीत

ठोकला. संध्याकाळी बघतो तर आईने त्यावर कोथिंबिरीची पिशवी अडकवलेली. दुसरा खिळा ठोकलाय, पिशवीसाठी.